दोन पेल्यांतली एकच वाइन

आई, नैवेद्याच्या वरणाचं मीठ तू कधी जिभेवर घेऊन पाहिलं नाहीस, उष्टं होईल म्हणून. आपल्या कन्नड गावच्या स्वयंपाकघरात मला चुलीशी उभं करायचीस आणि म्हणायचीस, "चाखायचं नाय. नाकानं सांग." चुकलो की पाठीत धपाटा. त्याच नाकाच्या जिवावर मी मसाल्याच्या कारखान्यात माल तपासायला लागलो, शहरात पुंडलिकनगरात घर केलं. गेल्या वर्षी ताप आला आणि नाक गेलं, कसलाच वास येईना. तेव्हापासून मिरची-धण्याचे नमुने डब्यात घालून गुपचूप घरी आणायचो. तुझी सून हुंगून सांगायची, मी शेरा मारायचो. तू गेल्यावर ती घरात आली, तू तिला पाहिलंच नाहीस.

मग एका शनिवारी मित्राकडे जमलो. लाल वाइनच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कुठली चांगली ते ओळखायचं. खेळच तो, पण आमचे मालकही आले होते आणि सगळ्यांना निकाल माझ्याच तोंडून हवा होता.

मी पेला हलवतो, नाकाशी धरतो, डोळे मिटतो. काही नाही. जिभेला नुसतं आंबट-तुरट कळतंय. समोर तुझी सून सरबत घेऊन बसलीय. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघतो. शेवटी ठोकून दिलं, पहिली भिकार, तिसरी एकदम भारी. मित्र हसत सुटला. पहिल्या नि तिसऱ्या, दोन्ही पेल्यांत त्यानं एकाच बाटलीतली ओतली होती.

सगळे हसले, मालक सोडून. सर्दी झालीय का, त्यांनी हळूच विचारलं. मी हो म्हणणार, तेवढ्यात ती बोलली, "सर्दी नाय, साहेब. वर्ष झालं, त्यांना वासच येत नाय. माल मी तपासते."

मालकांनी हातातला पेला खाली ठेवला. वर्षभरात एकही पोतं परत आलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. सोमवारी दोघंही या, एवढंच म्हणाले.

नोकरी वाचली. तपासणीच्या टेबलाशी आता ती बसते, मी गोदाम सांभाळतो. लोक मला नशीबवान म्हणतात. असेनही.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. त्या शनिवारी घरी येताना मी तिच्या चार पावलं पुढेच चालत राहिलो. आई, ती खोटं बोलली असती तर मला जास्त आवडलं असतं.