हिरवा तंबू आणि इतर मालमत्ता

मी, तंबू शिवणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरी येते कोण?

१. राहते घर, दोन खोल्या, महोत्सवाच्या मैदानाच्या राखणदाराला द्यावे. तो नात्याचा नाही. धाकट्या भावाने यावर हक्क सांगू नये. वडिलांचा तंबूंचा कारखाना आम्हा दोघांचा होता. मी शिवायचे, तो विकायचा. बारा वर्षांपूर्वी त्याने पातळ कापडाचे तयार तंबू आणले. म्हणाला, "ताई, संगीत महोत्सव तीन दिवसांचा, तंबूही तीन दिवसांचा. लोकांना परत न्यायचाच नसतो."

"मग जातो कुठे तो?"

"राहतो मैदानातच. आपल्याला काय करायचंय?"

महिन्याभराने एका सकाळी गेले, तर माझ्या मशीनच्या जागी रॅक उभे होते आणि मशीन दाराबाहेर. कारखाना त्यालाच लखलाभ. त्याला माझ्याकडून आणखी काही नाही.

२. ते मशीन, दोन्ही कात्र्या आणि जाड सुया राखणदाराच्या बायकोला. तिला मी शिकवले आहे. तिची शिवण सरळ येते. भावाची कधी आली नाही.

३. हिरव्या तंबूबद्दल चौकशी होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

भावाची मुलगी वीस वर्षांची असताना महोत्सवाला निघाली. मला म्हणाली, "आत्या, दरवर्षी वापरता येईल असा तंबू निवडून दे ना." एवढ्या वर्षांत त्या घरातून मला कोणी काही विचारले नव्हते. मी तिला तिच्याच बापाच्या दुकानात नेले. तंबूत शिरून उजेडाकडे बघायला लावले. शिवणीतून ठिपके दिसले की तो बाजूला. काठी वाकवून पाहायची. चेन वीस वेळा ओढायची. एखादा भाग मोडला तर तेवढाच बदलून मिळतो का, ते विचारायचे. एकही तंबू टिकला नाही. भाऊ गल्ल्यावर बसून हसत होता.

मग मीच शिवला. पाच आठवडे लागले. दुहेरी शिवण, मेणवलेले जाड कापड, आत तिच्या वस्तूंसाठी खिसा.

महोत्सव संपल्यावर ती म्हणाली, "चोरीला गेला गं आत्या." मी म्हटले, "जाऊ दे, तू नीट आलीस ना?"

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे टाकलेले तंबू गोळा करायला मैदानावर गेले. राखणदार म्हणाला, "बाई, एक तुमच्या हातचा दिसतोय." तंबू उभाच होता, चेन उघडी, आत चिखल. खिशात तिचे कॉलेजचे ओळखपत्र होते.

ते मी तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "खूप जड होता. बसपर्यंत कोण उचलणार? बाबा म्हणाले, राहू दे तिथेच, दुसरा देतो."

बापाचे मला नवल वाटले नाही. जड होता, हे मात्र खरे. शिवण, कापड, काठ्या सगळे तपासले, पण परत आणणारीच्या खांद्याला किती झेपेल, ते मी विचारले नाही. ही चूक माझी. खोटे बोलणे तिचे. तिच्या चुकीची भरपाई मी करणार नाही.

तो तंबू आता अस्तित्वात नाही. मी तो उसवला आणि त्याच्या एकेचाळीस पिशव्या शिवल्या.

४. मैदानावरून आणून दुरुस्त केलेले एकेचाळीस तंबू त्या पिशव्यांत आहेत. सगळे हलके. राखणदाराने ते महोत्सवाला येणाऱ्यांना फुकट वापरायला द्यावेत. परत आणला नाही, त्याला पुढच्या वर्षी देऊ नये, मग तो कोणाचाही मुलगा असो.

५. भाचीला काही नाही.

माझ्या मागे भावाने कारखान्याच्या दारावर माझा फोटो लावू नये.

स्थळ : राहते घर, मशीनची खोली
दिनांक : ९ मार्च

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दुसरी : भाची (सही). ज्याला काही मिळायचे नाही त्यानेच साक्ष द्यावी, असे वकिलांनी सांगितले, म्हणून तिला बोलावले. सही करण्याआधी सगळे वाच, असे मी तिला बजावले. तिने वाचले. तिसरे कलम पुन्हा वाचले. मग सही कुठे करायची, एवढेच विचारले.