नळीचं तोंड

१८ जून
अपेक्षाने आज ऑफिसची चावी टेबलावर ठेवली आणि गेली. मी तिला जे म्हणायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून लिहितेय.

लालबागच्या गुणाजींना गणपती कारखान्यासाठी शाडूची भुकटी टनाच्या मोठ्या पोत्यांतून हवी होती. पोती आमची. प्रश्न एवढाच – वरचं तोंड कसं ठेवायचं? सताड उघडं, अरुंद नळीचं, की पूर्ण उघडून पुन्हा गोळा करून बांधता येईल असं घेरदार? मी म्हटलं, नळीचं. भुकटी आहे, भरताना उडायला नको.

"आत्या, भरणारे गुजरातेत," अपेक्षा म्हणाली. "काढणारे लालबागला, वरून, घमेल्याने. एकदा जाऊन बघून येऊ या ना."

ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाली, त्याचा मला राग. "मी ही पोती विकायला लागले तेव्हा तू बालवाडीत होतीस." विषय संपला.

नळीत घमेलं जाईना. कारागिरांनी पोत्यांची तोंडं सुरीने कापली. कापलेलं तोंड मिटत नाही. दमट हवेत मातीचे धोंडे झाले – ऐन हंगामात!

आज गुणाजी आले. मी काही बोलायच्या आत अपेक्षा म्हणाली, "काका, चूक माझी. आत्याला न विचारता मीच ठरवलं." मी ते चालू दिलं.

ते गेल्यावर म्हणाली, "तुझं नाव राखलं, आत्या. आता इथे तरी ‘चुकलं’ म्हण."

मी फाईल चाळत बसले.

१९ जून
चावी तिथेच आहे. उचललेली नाही.

३० जून
जगदीशचा फोन. त्याचाही पोत्यांचाच धंदा, इथेच कॉटन ग्रीनला. अपेक्षा त्याच्याकडे नोकरी मागायला गेली होती.

"उर्मिलाताई, पोरगी हुशार वाटते. पण लालबागला तिला नळीवाली म्हणतात. खरं काय ते सांगा."

खरं सांगितलं तर ती त्याच्याकडे जाणार. नाही सांगितलं तर कदाचित माझ्याकडे परत येईल. एवढा हिशेब मी फोन कानाला लावून केला.

"तुमचं तुम्ही बघा," म्हटलं.

नको होतं म्हणायला.

२ जुलै
जगदीशने तिला नाही म्हणून कळवलं. भावाने, दीपकने, सांगितलं. "पोरगी जेवत नाही, धड बोलत नाही. तुमचं झालंय तरी काय?" बापाने विचारलं तरी मला सांगता आलं नाही. आजवर किती जणांना मी तोंडावर खरं सुनावलं. त्या सगळ्यांची आठवण झाली.

४ जुलै
लालबागला गेले. आधीच जायला हवं होतं, पोती ठरवायच्या आधी. मांडवात पाच मिनिटं उभं राहिलं असतं तरी कळलं असतं – पोतं वर टांगून खालून रिकामं करायला काही नाही, जे काढायचं ते वरूनच. दोन कारागीर हातोडीने ढेकळं फोडत होते. कापलेल्या तोंडांवर ताडपत्र्या.

"नळीत हात जाता, बाई, घमेला खय जाता?" गुणाजी म्हणाले. "तुमच्या भाचीक येवढा कळूक नाय?"

"तिला कळलं होतं. तिने मला सांगितलं. मी ऐकलं नाही. नळी माझी."

हातोड्या थांबल्या. गुणाजींनी एक ढेकूळ उचललं. मग म्हणाले, "मगे त्या पोरीन आपल्यार कित्याक घेतल्यान?"

उत्तर मला माहीत होतं.

"पुढच्या वर्साक पोती तीच ठरवूंदे," म्हणाले.

तिथूनच जगदीशला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, हे मी फोन केला तेव्हाच सांगायचं होतं." बरोबर बोलला.

७ जुलै
जगदीशने तिला बोलावून घेतलं. सोमवारपासून जाणार. दीपक खूश. मीही असायला हवं.

२१ जुलै
जगदीशच्या वतीने अपेक्षा आली. तिच्याकडे दिलं: नमुन्याची तीन पोती – उघड्या, नळीच्या आणि घेरदार तोंडाचं, प्रत्येकी एक. गुणाजींचं पुढच्या हंगामाचं काम, पोती तीच ठरवणार म्हणून. पोचेवर तिची सही घेतली.

"माझं चुकलं" – तेही दिलं. तोंडी. त्याची पोच नाही.

निघताना तिने टेबलावरची चावी उचलली. पर्समध्ये टाकली.