हळदीआधी पाठवणी

१२ जानेवारी

मावशीला पोशीरहून दहिवलीला आमच्याकडे आणलं. सुमनची सख्खी मावशी, म्हणजे माझी अर्धी सासू. उरलेलं अर्धं ती स्वतःच भरून काढते. गाडीतून उतरताना कण्हली नाही. एवढंच म्हणाली, "जावाय, तुमच्या घराच्या पायऱ्या कवा वाढल्या?" पायऱ्या होत्या तेवढ्याच आहेत. दुखणं हाडांत उतरलंय, असं मुंबईच्या इस्पितळात सांगितलं. त्यांच्या गोळ्यांनी ठणका निम्मा होतो, जेवण मात्र पूर्ण बंद.

पुढच्या महिन्यात निकिताचं लग्न. सुमनच्या भावाची मुलगी. त्यांच्यात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा विधी पुढे सरकतो: हळद, मांडव, शेवटी पाठवणी, सगळं क्रमानं. पोशीरला धवलारीण म्हणजे मावशीच. भटजीही तिचं गाणं संपेपर्यंत पंचांग चाळत बसतात.

"निकिताची हलद मीच गानार," मावशी. मग पुन्हा पायऱ्यांकडे पाहिलं.

१५ जाने.

खालापूर. वैद्यबाई. त्यांनी इस्पितळाचे कागद शांतपणे वाचले. विजयेच्या पानांचं औषध, चिठ्ठीवर मिळतं. इस्पितळाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत, तिथल्या डॉक्टरांनाही कळवायचं.

मावशी : विजया म्हंजी?
मी : कोशात विजया, घरात भांग.
मावशी : मंग चिलीमच द्या की. माजा सासरा वढायचा. शिमग्याला त्याचं सगलं दुखनं गावाला जायचं.

वैद्यबाईंनी चष्मा काढला. धूर अजिबात नाही. छाती नको म्हणते, कायदाही नको म्हणतो. चष्मा परत घातला.

कोशकारांनी नाव तर विजया ठेवलं. कोण जिंकतं, ते लिहायचं राहून गेलं.

१६ जाने.

पहिले थेंब, जिभेखाली. गिळायचं नाही, तोंड मिटून बसायचं. मावशीला तोंड मिटून बसायला सांगणं हा उपचाराचा कठीण भाग. चव कशी? "भिजलेला पेंढा चाटल्यावानी."

चहा झाला, कप विसळून झाले, तरी काही नाही. मग तिचे खांदे हळूच खाली आले. किती दिवस ती ते वर धरून बसली होती, हे ते उतरल्यावर समजलं.

"मावशी, ठणका?"
"हाय रं. पन शेजारच्या घरात हाय."

दुपारी सुकट आणि भाकरी मागून घेतली. सुमन स्वयंपाकघरात जाऊन रडली, कांदा न चिरता.

१९ जाने.

थेंब येतात लवकर, जातातही लवकर. तोंड कोरडं पडतं. झटकन उठली तर चक्कर. अंगाला लावायचं तेलही आणलंय. त्यानं डोकं जागच्या जागी राहतं आणि गुडघाही. "तेलात काय नाय. सुमनच्या हातात हाय."

रसायनीच्या कारखान्यांच्या वासाची बातमी पेपरला पाठवली. कार्यालयात 'वास'चा 'दर्प' झाला. आता जरा सुसह्य वाटतो.

२३ जाने.

वैद्यबाईंनी आता त्याच विजयेचं तूप दिलंय, बुटक्या बरणीत. निजताना, कोमट दुधातून, मापाचा चमचा. हे उशिरा येतं आणि आलं की मुक्काम करतं.

सकाळी ऊन अंथरुणावर आलं तरी मावशी निजलेली. जागी झाली ती सावकाश, एकेक पापणी विचारून. म्हणाली, बांधावरून चालत होते. दोन्ही अंगाला पानी, त्यात ढग. पुढं आय. आय गात होती, मी तिच्या टाचा बघत चालले होते. टाचा वल्या होत्या.

मग ते गाणं म्हटलं. परकरी वयात विसरलेलं, कुठल्याही लग्नात न गायलेलं. सुमन हातात डाव घेऊन दारात उभी राहिली. आमटी करपली.

२७ जाने.

लिहून मोकळा होतो.

शेवंतावहिनी, म्हणजे निकिताची आई, निकिताला घेऊन आल्या. त्यांच्यासमोर ताठ बसता यावं म्हणून मावशीनं सकाळीच स्वतःच्या मनानं तूप घेतलं. बराच वेळ काही होईना. तिला वाटलं, तूप शिळं. जेवायला बसलो तर म्हणते, "जावाय, वरणभातावर वाढा की जरा. त्या बुटक्या बरणीतलं." मी वाढलं. सढळ हातानं. तूप म्हटल्यावर आमच्या घराण्यात कोणी प्रश्न विचारत नाही. वर लिंबूही पिळून दिलं.

दोन्ही तुपं एकदमच आली. मावशी पंख्याकडे बघत राहिली. पंखा म्हणे श्वास घेतोय. मग निकिताचा हात हातात घेतला आणि गाऊ लागली. पाठवणी! अशी मी कधी ऐकली नव्हती. एकेक शब्द पाण्यावर ठेवल्यासारखा, सोडल्यावर जरा वेळ तरंगणारा. निकिताचे डोळे वाहायला लागले. शेवंतावहिनी ताडकन उठल्या.

"मावशी! हलदीच्या आदी पाठवनी? पोरीला अजून हलद नाय लागली!"

मावशीला ऐकू गेलं नाही. शेवट झाला आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

२८ जाने.

जाग आल्यावर विचारलं, "काय गायली मी?" सुमननं सांगितलं. मावशी भिंतीकडे वळली. तिकडे तोंड करूनच : "म्हंजी पोरीला मीच येशीभायेर नेऊन सोडली."

वैद्यबाई फोनवर तिच्यापेक्षा मलाच जास्त बोलल्या. बुटकी बरणी यापुढे माझ्या कपाटात.

संध्याकाळी शेवंतावहिनींचा फोन. अपशकून नको. डीजेवाल्याकडे धवले रेकॉर्ड केलेले आहेत, तेच लावू. मावशीला आराम.

मावशी : डीजेला घाम येतो का गं पोरीसाटी?

पण फोन ठेवून झाला होता.

३ फेब्रुवारी

रोज दुपारी मावशी हळदीचं गाणं म्हणून बघते. थेंब न घेता : क्रम चोख, पण दुसऱ्या कडव्यात ठणका गळा धरतो. थेंब घेऊन : आवाज मोकळा, पण कडवी इकडची तिकडं. "ठनका शेजारी जातो, जाताना गान्याला बी घेऊन जातो." अर्धे थेंब : दोघंही उंबऱ्यावर. आत येत नाहीत, बाहेर जात नाहीत.

मी म्हटलं, फोनवर रेकॉर्ड करून ठेवू या का?

"ठेवा. मंग माज्या हाडांना बी त्यातच ठेवा."

रेकॉर्ड केलं नाही.

६ फेब्रु.

निकिताचा फोन, आईच्या चोरून.

"आजी, तूच ये. पाठवणी तर माझी पाठ झाली. आता हळद शिकव."
"नवरी गाते व्हय हलद?"
"नाय गात. शिकायला काय होतंय?"

तेव्हापासून दुपारी फोनवर दोघींचं चाललंय. निकिता सारखी घाई करते. मावशी चिडते, "अगं, बस पकडायची हाय काय?" चिडताना तिला दुखत नाही, असं माझं निरीक्षण. वैद्यकशास्त्राला कळवलेलं नाही.

११ फेब्रु.

दुपारी आरामखुर्चीत बसून त्यांचं ऐकत होतो. आतून मावशी, फोनमधून निकिता, मध्ये पंखा. डोळा लागला असावा. बांधावरून चाललो होतो. दोन्हीकडे पाणी, पुढं कोणीतरी गात होतं. टाचा बघायच्या होत्या, तेवढ्यात सुमननं चहा आणला. मी काहीही घेतलं नव्हतं, याची इथे नोंद असावी.

शेवंतावहिनींना निकितानं सांगून टाकलं : आजी नसेल तर मी पाटावर बसणार नाही. डीजेवाला तरीही सांगून ठेवलाय. दोन्हीची तयारी.

१९ फेब्रु. पोशीर

आज हळद. मांडवाच्या कोपऱ्यात बसून लिहितोय. लोकांना वाटतंय बातमी.

वैद्यबाईंना विचारूनच ठरलं. डोकं स्वच्छ हवं म्हणून काल तूप घेतलं नाही. सकाळी इस्पितळाची गोळी तेवढी. थेंबांची बाटली माझ्या खिशात. खूण ठरलीय : मावशीनं पदर दुसऱ्या खांद्यावर घेतला की मी पाण्याच्या निमित्तानं जायचं. "मी खून केल्याबिगर द्यायचं नाय. डोले पांडरे झाले तरी नाय." ठणका जाणार म्हणजे शब्दही जाणार, हे दोघांनाही ठाऊक.

शेवंतावहिनी डीजेवाल्याच्या शेजारी उभ्या. त्याचं बोट बटणावर.

पहिलं कडवं झालं. बायकांनी मागून उचललं.

दुसरं. मावशीचा हात निकिताच्या गुडघ्यावर. बोटं रुतलीत. निकिता हलत नाही.

तिसरंही झालं! शेवटचा सूर जरा कापला. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, मी बातमी लिहू लागलो.

मावशी थांबलीय. डोळे मिटलेत. हात पदराकडं गेला. घाम पुसायला, की

बूच सैल केलंय.

निकितानं चौथं कडवं उचललं. कच्चा आवाज, हळदीनं माखलेलं तोंड, घाई तीच, पण क्रमानं. बायका गडबडल्या, मग तिच्यामागं गेल्या. वहिनींचा हात डीजेवाल्याच्या मनगटावर, धरून.

मावशीनं डोळे उघडले. निकिताकडे बघतेय. ओठ हलताहेत. चुका काढतेय की गातेय, इथून कळत नाही.

पदर अजून मुठीतच आहे.