नऊ डोकी उंच नवरी

बेलवली, बदलापूर (प.)
१९ सप्टेंबर

तीर्थरूप अण्णांना चैत्रालीचा वाकून नमस्कार. (वाकणं एवढंच. पुढच्या पत्रात कुठेही वाकलेली नाही, आधीच सांगते.)

आधी गुडघ्याची चौकशी, मग भांडण. गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत ठेवलीय? काकूंनाही नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहोत; तुमचं पत्र येईपर्यंत जरा जास्तच खुशाल होतो. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तुम्ही ‘हॅलो’नंतर दुसऱ्याला बोलू देत नाही.

तुमचा हुकूम कळला. सोमवारी दहा वाजता अंबरनाथला तुमच्या जुन्या कंपनीत जायचं, साहेबांची माफी मागायची आणि खरेदी विभागातल्या माझ्या खुर्चीत परत बसायचं. तुमच्या शब्दाखातर त्यांनी खुर्ची सोमवारपर्यंत रिकामी ठेवलीय, मंगळवारी तिथे दुसरं कोणी बसेल. अण्णा, बसू दे. मी जाणार नाही. ती नोकरी तुम्ही मिळवून दिलीत, त्याचे उपकार विसरलेले नाहीत, पण तीन वर्षं नटबोल्टांच्या याद्या करून माझं डोकं नटबोल्टाएवढं झालं होतं.

फॅशन इलस्ट्रेटर म्हणजे काय, असं तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा उत्तराआधीच ‘म्हणजे बाहुल्याच ना’ म्हणालात. तर, बाहुल्या नाहीत. जो कपडा अजून शिवलेला नाही तो अंगावर कसा दिसेल, हे मी कागदावर काढते. उल्हासनगरला लग्नाच्या कपड्यांची दुकानं किती, ते तुम्हाला ठाऊक आहे (काकूंचा शालू तुम्ही तिथेच घेतलात आणि अजून ‘दादरचा’ म्हणून सांगता). कापडाला कात्री लागायच्या आत नवरीला चित्र बघायचं असतं, तिच्या आईला बघायचं असतं, आणि ज्यांचा काही संबंध नाही अशा पाच आत्या-मावश्यांना तर बघायचंच असतं. राजीनामा दिल्यावर मी पहिलं काम धरलं ते भावेश सेठच्या दुकानात.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत. जिवंत माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतं, म्हणजे त्याच्या डोक्याची उंची साडेसात वेळा मोजली की पाय संपतात. फॅशनच्या चित्रातली बाई मात्र नऊ डोकी उंच काढायची, अशी रीत आहे. कोणी घातली माहीत नाही, पण कोर्सला शिकवतात आणि सगळे मुकाट्याने काढतात. मीही काढायचे. सेठचं त्यानेही समाधान होईना. मागे उभा राहून म्हणायचा, “मॅडम, और थोडी लंबी करो ना, अपना क्या जाता है?”

हेंद्रेपाड्याची संजीवनी नावाची मुलगी लेहंगा ठरवायला आली. उंची चार फूट दहा इंच, गोल चेहरा, चष्मा, हसायला लागली की थांबत नाही. मी तिला नऊ डोकी उंच काढली, सेठच्या आग्रहास्तव साडेनऊ. चित्र बघून ती हरखली. घरी फ्रेम करून टीव्हीवर लावलं, सासरी कल्याणला फोटो पाठवला. महिन्याने लेहंगा तयार झाला, ती घालून आरशासमोर उभी राहिली आणि तिचं हसू थांबलं. मी ते पहिल्यांदाच थांबलेलं बघितलं. मग आई, आत्या, मावश्या सगळ्या मिळून कटिंग करणाऱ्या रामभाऊ मास्तरांवर तुटून पडल्या, की चित्रातल्यासारखा शिवलाच नाही. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस, गळ्यातली टेप काढून एकेक माप सगळ्यांसमोर मोजून दाखवत होता. सुताभराचा फरक नाही. शेवटी सेठ म्हणाला, “लेहंगा सही है. चित्र में गडबड है.” आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या.

अण्णा, मला पळून जाता आलं असतं. (दाराशी रिक्षा उभी होती, मी बघून ठेवली होती.) पण मास्तर तीच मापं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले होते. मी म्हटलं, चूक माझी आहे, आणि तिथेच स्टुलावर बसून संजीवनीला पुन्हा काढलं. चार फूट दहा इंच. चष्म्यासकट, कमरेसकट. तिने कागद हातात घेतला, चष्मा वर सरकवून बघितला आणि म्हणाली, “ही मी आहे. मग मला एवढा रुंद काठ कशाला दिलाय?” मास्तरांनी चित्र बघितलं, तिला बघितलं आणि काठ उसवायला घेतला. वीतभर रुंद काठ चार बोटं केला, दोन कळ्या, म्हणजे घेराच्या उभ्या पट्ट्या, काढून घेर कमी केला. तिसऱ्या दिवशी पोरगी तोच लेहंगा घालून अख्ख्या दुकानात गोल गोल फिरली.

सेठचं म्हणणं, ठीक आहे, पण काचेत चित्र लंबीवालंच लागेल. बुटक्या चित्राला बघून गिऱ्हाईक कसं येणार? मी म्हटलं, एक तर ते काढा नाही तर मला काढा. त्याने मला काढलं. (चहासुद्धा पाजला नाही.) रिक्षा स्टँडपर्यंत पोचते तोवर रामभाऊ मास्तर धापा टाकत मागून आले. म्हणाले, “पोरी, तुझ्या चित्रावरून कापायला बरं पडतं बघ. आमच्या लोकांना सांगतो.” आज त्यांच्या ओळखीचे अकरा टेलर माझ्याकडून चित्रं काढून घेतात, अंबरनाथचे चार धरून. त्यातली एकही नवरी आहे त्याहून उंच नाही.

तुम्ही लिहिलंय, हे खूळ आपल्या घराण्यात आलं कुठून. तुमच्याकडून! एकतीस वर्षं तुम्ही कंपनीत व्हॉल्व्हचे नकाशे काढलेत. एका तरी व्हॉल्व्हला सुंदर दिसावा म्हणून दोन इंच वाढवलंत का? मी सात वर्षांची असताना तुमच्या ड्रॉइंग बोर्डावर पाय दुमडून बसायचे, तेव्हा तुम्हीच सांगायचात, की वस्तू आहे तशी कागदावर आली पाहिजे. मला ते पटलं. आता निस्तरा.

तेव्हा साहेबांना कळवा, खुर्ची द्या कोणाला द्यायची त्याला. सोमवारी दहा वाजता मी उल्हासनगरला असेन. मी कोणाला घाबरत नाही, हेही सांगा.

तुमची हट्टी पुतणी,
चैत्राली

ता. क. तुम्ही लिहिलंय, ‘तुझ्या बाबांना मी अजून काही बोललेलो नाही.’ आभारी आहे. आता बोला. म्हणजे, मीही नाही बोललेले. राजीनामा देऊन साडेतीन महिने झाले. आईला पहिल्याच दिवशी सांगितलं, ती म्हणाली, मला काही सांगितलंच नाहीस असं समज. बाबा रोज सकाळी माझी पाण्याची बाटली भरतात आणि ‘साहेबांना नमस्कार सांग’ म्हणतात. मी ‘सांगते’ म्हणते. तुम्ही थोरले आहात, तुमचं ते ऐकतात. एवढं कराच.

ता. क. २. बाबांना फोन सोमवारी अकरानंतर करा. मी घरात नसेन.

ता. क. ३. चिडले, ओरडले, तर खुशाल फोन ठेवून द्या. नुसते गप्प बसले, तर मात्र ठेवू नका.