रंजूच्या गुडघ्याखालची गाठ

सोमवार, ६ फेब्रुवारी १९८४
रंजूला न्हाऊ घालताना गुडघ्याखाली गाठ लागली हाताला. हाडासारखी घट्ट. दाबली तर कळवळली. म्हणे, लंगडी खेळताना दुखतं. सात वर्षांची पोर, आणि मला एका शब्दाने बोलली नाही!

माझ्याही गुडघ्याखाली तशीच आहे. खांद्यामागे आणखी एक. आईलाही होत्या. लग्न ठरताना तिने बजावलं होतं – कुणी विचारलं तर रातांब्याच्या झाडावरून पडले म्हणून सांग. ह्यांना तेच सांगितलं. सासूबाईंपर्यंत गोष्ट जाऊच दिली नाही.

शुक्रवार, १०
पहिल्या एस्टीने मालगुंडहून रत्नागिरीला. ह्यांना मुंबईहून रजा नाही, म्हणून सासूबाई सोबत. डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला. म्हणाले, मुंबईला तुकडा काढून तपासावा लागेल. "कॅन्सर नाही, असं आज सांगता येणार नाही." मग विचारलं, घरात कुणाला अशा गाठी आहेत का?

सासूबाई शेजारीच उभ्या. मी म्हटलं, नाही.

नाही! जीभ कशी उचलली माझी?

शनिवार, ११
शाळेत शिकवताना फळ्यावर तारीख चुकीची लिहिली. पाय कापायला लागला तर? देवा, माझा घे.

रविवार, १२
जाईबाईकडे गेले. बाळंतपणात तेल लावायला तीच यायची. गाठी तिने पाहिल्या तेव्हा कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती मी. आज विचारलं, अशी गाठ कुणाच्या जिवावर बेतलेली पाहिलीस का?

"तुझ्या बेतली काय गो?"

खरंच की! हे डॉक्टरांना कळायलाच हवं.

सोमवार, १३
एकटीच रत्नागिरीला गेले. डॉक्टरांना माझा गुडघा दाखवला. डॉक्टर चिडलेच. म्हणाले, हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मग शांत झाले. घराण्यातून येतात अशा गाठी, बहुतेक साध्या असतात. दुखते ती कापून काढायची, बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं. मुलांची वाढ थांबली की गाठीही वाढायच्या थांबतात.

पाय राहील! पण ऑपरेशनला ह्यांची सही लागणार. म्हणजे घरात सांगणं आलं. दहा वर्षं फसवलं म्हणतील. माहेरी धाडतील, रंजूला ठेवून घेतील.

बुधवार, १५
सांगितलं. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर बघितलंसुद्धा नाही.

"जाईबायनं रंजूच्या पाचवीलाच सांगितलान मला. तू डाक्तरला नाय म्हणालीस, मग मी कशी बोलू गो?"