सतरा आकडे, एका रेषेत

५ फेब्रुवारी २०१७, रविवार. सकाळी ६.१०
नव्या वहीची सुरुवात विचारपुशीने. मंदा, गुडघा कसा? तसाच, म्हणाली. सुनंदा, सर्दी? उत्तर नाही, म्हणजे उतरली. शेजारचा दिगंबर, साखर? कुंपणापलीकडून म्हणाला, नरहर, तू रोज विचारतोस म्हणून वाढते. हेमंत मस्कतला. फोन उचलत नाही, म्हणजे कामात आहे, म्हणजे ठणठणीत. शेवटी मागच्या शेडमध्ये जाऊन मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवला. थंड, पण जीव आहे.

संकल्प: ३१ मार्चच्या आत हिची नोंदणी. एक एप्रिलपासून धुराचे नियम आणखी कडक.

विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. गाडी परदेशी, वाळूत-डोंगरात पळवायची. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. हेमंतने तीन वर्षांपूर्वी सामानाबरोबर आणली. जाताना म्हणाला, बाबा, ही रस्त्यावर आली की मीही कायमचा परत येतो. तेव्हापासून मंदा त्याच्या पलंगावरची चादर दर पंधरा दिवसांनी बदलते. कोणी झोपत नाही, तरी.

८ फेब्रुवारी
आरटीओ. तपासणीला निगमजी म्हणून आहेत. सज्जन. म्हणाले, दादा, ये जंगल का जानवर है, इसे शहर में क्यों ला रहे हो. दोन गोष्टी हव्यात. दिवे-हॉर्न वगैरे, आणि धूर देशाच्या नियमात बसतो असा गाडी बनवणाऱ्या कंपनीचा दाखला. मी म्हणालो, पस्तीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, दाखला काय असतो ते मला सांगू नका. मनात म्हणालो. तोंडाने जी म्हणालो.

११ फेब्रुवारी
दिगंबरच्या बंद पडलेल्या लुनाचा दिवा बसवला. हॉर्न लेकीच्या, सुनंदाच्या स्कूटीचा. आरसा न्हाणीघरातला, कापून. सुनंदाने विचारलं, माझा हॉर्न कुठे? घरातल्या माणसाने घरासाठी थोडा त्याग करावा, असं समजावलं. क्वार्टर माझ्या नोकरीवर मिळालंय, तेवढा त्याग पुरे, म्हणाली. हल्लीच्या मुलींना यंत्राची आवड नाही.
हॉर्न इंजिन बंद असतानाच वाजतो. किरकोळ.

१४ फेब्रुवारी
धूर तपासून घेतला. पंपावरच्या माणसाने नळी स्वतःच्या स्कूटरला लावली आणि पावती आमच्या नावाने फाडली. धूर जवळजवळ नाहीच. मला आधीच खात्री होती.

१५ फेब्रुवारी
निगमजींनी पावती बघितली, हसले, टेबलाच्या काचेखाली ठेवली. कौतुकाने असणार. पण दाखला कंपनीचाच लागेल, म्हणाले.

२० फेब्रुवारी
कंपनीला ई-मेल. इंग्रजी माझं स्वतःचं, डिक्शनरीतून कमावलेलं. सुनंदा म्हणाली, बाबा, मी नीट करून देते. नको म्हणालो. सुरुवातीला त्यांच्या साहेबांची, त्यांच्या मंडळींची आणि सर्व कामगारांची तब्येत विचारली. मग हेमंतची सगळी हकीकत, मंदाचा गुडघा, गाडीचा फोटो, कागदावरचा चेसिस नंबर. शेवटी, कृपया लवकर उत्तर लिहावे. सुनंदा कपाळ धरून बसली होती. सर्दी परत आलेली दिसते.

६ मार्च
उत्तर नाही. मोठ्या कंपन्यांना वेळ लागतो.

१७ मार्च. रात्री
आलं. दाखला आला. हिचं इंजिन आणि त्यांच्याच रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन एकच, धूर नियमात बसतो, सही, शिक्का. खाली कुणा बाईने लिहिलंय की आम्ही इकडे सर्व बरे आहोत, तुमच्या पत्नीच्या गुडघ्याला आराम पडो. सुनंदाने दोनदा वाचलं. मला सॉरी म्हणाली. वहीत तारीख ठळक केली आहे.
हेमंतला फोटो पाठवला. निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही. गहिवरला असेल.
मंदाने नवी चादर काढली. दिवाळीत घेतलेली, मोरांची.

२० मार्च
निगमजींनी गाडी तपासली. दिवा पास. आरसा पाहून जरा थांबले, पास. हॉर्न इंजिन बंद करून वाजवला, पास. म्हणाले, दादा, मैं तो मान गया. आता एकच. सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा फाइलला लावायचा. घासला. पुसट आला. म्हणाले, साफ ले आइए, शुक्रवार को साइन कर दूँगा.
चार दिवस. हेमंतचं तिकीट एप्रिलचं घ्यावं की मेचं?

२२ मार्च. दुपारी
नंबर पाहिला. परदेशी म्हणतात, पण काम फारच हलकं. आकडे उथळ, त्यावर वाळू आणि रंगाचा थर. कारखान्यात असा जॉब मी परत पाठवला असता. सुनंदा डबा घेऊन निघताना म्हणाली, रॉकेलच्या फडक्याने पुसा, उघडेल. मी म्हणालो, काम करायचं तर पक्कं.
निवृत्तीच्या वेळी मिळालेला आकडे-अक्षरं ठोकायच्या पंचांचा सेट ट्रंकेत होताच. ग्राइंडरने जागा साफ केली. आरशासारखी. मग एकेक पंच धरून हातोडा. सतरा अक्षरं-आकडे, एका रेषेत, एका खोलीचे. हात अजून हलत नाही. शेवटी सवयीने माझी खूणही मारली गेली, गोलात चार. पस्तीस वर्षं पास केलेल्या प्रत्येक जॉबवर मारली, हात थांबला नाही.
दिगंबर बघून म्हणाला, अक्षर मोत्यासारखं आहे रे. पण जुना नंबर कुठे गेला? हाच तो, म्हटलं.

२४ मार्च, शुक्रवार
ठसा इतका स्वच्छ की निगमजी कागद घेऊन स्वतः गाडीपाशी आले. वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. ये किसने ठोका? मीच, म्हणालो. आणि गोलात चार? मेरा निशान. ते सरळ उभे राहिले. मग म्हणाले, दादा, चोर भी अपना नाम नहीं लिखता. आपने बताया क्यों?
चेसिस नंबर घासलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी, असा नियम. त्यांनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं. टोपण दोनदा लावलं.

२५ मार्च
गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात. हवालदार म्हणाला, लिखाई सुंदर है. मालकाने येऊन जबाब द्यायचा आहे. मालक हेमंत. म्हणजे आता त्याला यावंच लागणार. जे गाडी पास होऊन झालं असतं तेच नापास होऊन होतंय. मंदाला हे समजावलं. ती मोरांच्या चादरीच्या सुरकुत्या काढत होती.

२ एप्रिल, रविवार
हेमंतचा फोन. स्वतःहून. सुनंदाने स्पीकरवर ठेवला. येणार नाही, वकिलामार्फत लिहून देतो, गाडी भंगारात जाऊ द्या. मी म्हणालो, अरे, तुझा शब्द होता. तो म्हणाला, बाबा, ती कधी पास होणार नाही हे माहीत होतं, म्हणून तर म्हणालो होतो. मी त्याला सांगितलं की शुक्रवारी सही होणार होती, फक्त ठसा राहिला होता. तो म्हणाला, वाचलो.
हे शेवटचं मंदाने ऐकलं नसावं. ती आतच होती.

३ एप्रिल
विचारपूस. मंदा, गुडघा? उत्तर नाही. पण हिंडते आहे. हेमंतच्या खोलीत गेली आणि चादर काढली. नवी घातली नाही. गादी गुंडाळून सुतळीने बांधली. सुनंदा सकाळीच निघाली, मी विचारायच्या आत.
हेमंतला पत्र लिहायला बसलो. तब्येत कशी, इथपर्यंत आलं. पुढे सुचेना. मग ते खोडून त्या कंपनीतल्या बाईंना लिहिलं. आपली, आपल्या मंडळींची, सर्व कामगारांची तब्येत कशी आहे? आम्ही इकडे सर्व बरे आहोत. गाडी उत्तम आहे. मुलगा लवकरच येईल. कृपया लवकर उत्तर लिहावे.