डॉक्टरांना कळवलं

मॅडम, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या शोकसभेला मी आले नव्हते. त्या दिवशी मला सुट्टी होती. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे गैरसमज नको. आठवण येते म्हणून मी लिहीत नाही. गेल्या आठवड्यात माझी परीक्षा झाली आणि तिच्यात तुम्ही मध्ये आलात, म्हणून लिहिते आहे.

मी आता अतिदक्षता विभागात आहे. ड्युटी सांभाळून नर्सिंगची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन करते आहे. ती घेतलेल्या नर्सने रुग्ण तपासायचा, काय झालंय ते ठरवायचं आणि नेमून दिलेल्या मर्यादेत उपचार सुरू करायचे असतात. तुम्ही असता तर या शिक्षणाची टिंगल केली असतीत, आणि वर्गाकडूनही करवून घेतली असतीत.

दुधनीची ती आजी तुमच्या लक्षात राहिली नसेल. माझ्या आहे. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हाडांच्या वॉर्डात तुमच्या हाताखाली. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डावी पोटरी उजवीपेक्षा जाड, गरम. दाबली की ती कण्हते. मी शिकाऊ डॉक्टरांना सांगते की शिरेत रक्ताची गुठळी झाली असावी. तुम्ही ते ऐकता. रागावलात की तुमची भाषा थेट तुमच्या गावाला, मैंदर्गीला जायची. "लई शानी झालीस व्हय? तू डॉक्टर हायस का? दिसलं तेवढं सांगायचं. काय झालंय ते त्येंनी ठरवायचं." आजीसमोर, तिच्या सुनेसमोर. मग मोठे डॉक्टर आले, तपासणी झाली, गुठळीच निघाली. तुम्ही त्यांना म्हणालात, "सर, तुमच्यामुळं वेळेत कळलं." मला एकच वाक्य लिहायला लावलंत: डॉक्टरांना कळवलं. शिक्षण संपेपर्यंत आम्ही तेच लिहीत राहिलो. ताप चढला, कळवलं. लघवी कमी झाली, कळवलं. डॉक्टर आले की खुर्ची सोडायची, पेन पुढे करायचं, आणि आपल्याला आधीच कळलेलं त्यांच्या तोंडून ऐकून मान हलवायची. तुम्ही याला शिस्त म्हणायचात.

मेसमधल्या मावशींनी नंतर सांगितलं की तरुणपणी तुम्हीही एका पेशंटचा आजार अचूक ओळखला होतात, आणि त्याबद्दल भर वॉर्डात तुम्हाला डॉक्टरांची माफी मागावी लागली होती. हे ऐकून मला तुमची कणव येईल असं मावशींना वाटलं असावं. आली नाही. जे तुमच्या पानात पडलं तेच तुम्ही आम्हाला वाढलंत, इतकंच मला त्यातून समजलं.

परीक्षा व्हिडिओवर होती. शेजारच्या कारखान्यात टॉवेलचे माग चालू असतात, म्हणून दारं-खिडक्या लावून बसले होते. परीक्षक डॉक्टर पडद्यावर आल्या आणि मी उभी राहिले. त्यांना फक्त माझ्या ड्रेसची बटणं दिसली असणार. "बसा," त्या म्हणाल्या, "मी राउंडला आलेली नाही." माझ्या मैत्रिणीला, तीही नर्सच, नंतर हे सांगितलं तर ती म्हणाली, "राष्ट्रगीत लागलं होतं का गं?"

त्यांनी खेड्यातल्या एका रुग्णाची केस दिली. ताप, रक्तदाब उतरलेला, श्वास जलद, बोलण्यात असंबद्धपणा. काय काय तपासाल, ते मी क्रमाने आणि न चुकता सांगितलं. मग काय कराल, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "डॉक्टरांना कळवीन."

"कुठल्या डॉक्टरांना? तिथं तुम्हीच आहात."

मला उत्तर माहीत होतं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. सलाइन आणि अँटिबायोटिक ताबडतोब सुरू करायला हवं होतं. आमच्या विभागात मी हे डॉक्टरांच्या आधी ओळखते. तरी तोंडातून निघालं ते असं: "संसर्ग असेल का, मॅडम?" ते मॅडम मी नक्की कुणाला म्हणाले, सांगता येणार नाही.

तपासणीत उत्तम, निर्णयात नापास. परवा पुन्हा परीक्षा आहे. तीही गेली तर वर्ष गेलं. मैत्रीण म्हणते, तपासणीचे गुण तरी तुझ्या त्या मॅडमना दे, पेशंटला हात लावायला त्यांनीच शिकवलं ना? शिकवलंत. त्याचा पगार तुम्हाला मिळत होता.

उत्तर आता मला थेट देता येतं. खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. मी ठरवलेलं चुकलं आणि माणूस गेला तर काय, हा प्रश्न तुम्ही आम्हाला कधी पडूच दिला नाहीत. आता तो पडतो. आणि पडला की क्षणभर तुमचं ऐकावंसं वाटतं.